उपरणं गाडीत, नवरदेव फलाटावर

रविवारी दुपार कलली की परतूरच्या स्टेशनामागच्या आळीत शिट्टी होते. नवा माणूस लगेच घड्याळ बघतो आणि विचारतो, "आत्ता कोणती गाडी हो?" आळीतली माणसं मानसुद्धा वर करत नाहीत. "गाडी कशाची? परमेश्वर हाये तो," एवढं म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात.

परमेश्वर म्हणजे मोटार वाइंडिंगवाला. विहिरीवरची, बोअरमधली मोटार जळाली की माणसं ती जीपमध्ये टाकून त्याच्याकडं आणतात. वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक, बोटांना कायम वार्निशचा वास. धंद्यात बोलणं मोजकं. पण "तुमची इंजनं बघायचीत" असं कुणी म्हटलं की गडी पाघळलाच. मग दुकानात गिऱ्हाईक ताटकळत बसलं तरी चालेल. हा पाहुण्याला घरी नेणार, चहा पाजणार आणि कपाट उघडणार.

बाकीचे लोक ज्या काचेच्या कपाटात कपबश्या आणि लेकराबाळांना मिळालेल्या ढाली मांडतात, त्यात याची रेल्वेची इंजनं. त्यांना खेळणी म्हणायचं नाही बरं का, माणूस चिडतो. सेल घातला की पळतात ती खेळणी. याची इंजनं वाफेवर चालतात, खऱ्याखुऱ्या वाफेवर. वितीएवढ्या बॉयलरात पाणी भरायचं, खाली स्पिरिटची वात पेटवायची आणि थांबायचं. आधी नुसतं कुंईकुंई होतं. मग सांध्यांतून थेंब टपकायला लागतात, गरम तेलाचा वास सुटतो, दाब दाखवणारा नखाएवढा काटा हलतो. मग दांडी उघडली की झुक... झुक... आणि चाकं फिरली.

"जित्तं हाये ते," परमेश्वर म्हणतो. "ईज काय, बटण दाबलं की आली. वाफेची वाट बघावी लागती."

आता, जन्मभर विजेच्या मोटारींवर ज्याचं पोट भरलं त्यानं असं बोलावं! पण त्याला त्याचं काही वाटत नाही.

पहिलं इंजन त्याला हैदराबादच्या जुमेरात बाजारात सापडलं. तांब्याची तार आणायला गेला होता आणि जुन्या स्टोव्हच्या ढिगात ते पडलेलं दिसलं. विकणाऱ्याला तो स्टोव्हच वाटत होता. परमेश्वरनं ते गमछ्यात गुंडाळलं, गाडीभर मांडीवर घेऊन बसला, आणि तार आणायची राहिलीच. मग जी चटक लागली ती लागली. एक सिकंदराबादच्या रेल्वेवाल्याच्या घरातून आलं, एक पुण्यातल्या कुणाच्या माळ्यावरून, एक तर विलायतेहून, चाकं निखळलेल्या अवस्थेत. सगळी यानं उघडली, धुतली, झाळली आणि पळती केली. परतूरच्या बोअरचं पाणी असं जड, की तांब्यात ठेवलं तर पांढरा थर धरतं. ते बॉयलरात घातलं तर नळ्या बुजायच्या. म्हणून इंजनांना इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. "माणसं बोअरचं पेऊन राह्यले आन् इंजनं बॅटरीचं," असं समोरचा चहावाला कारभारी ज्याला त्याला सांगतो.

इंजनांची नावं ऐकाल तर हसाल. भुरी, बांडी, ठेंगणी, तांबडी. परमेश्वरचा बाप म्हस्कू जन्मभर मेंढरांमागं हिंडला. रुळाच्या कडंकडंनं कळप चारायचा आणि एकेका मेंढीला याच नावांनी हाक मारायचा. पोरगा सोबत असायचा, पण पोराचं ध्यान मेंढरांवर कुठलं? मीटरगेजचं इंजन धूर सोडत आलं की तो तोंड उघडं टाकून बघत राहायचा आणि मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात घुसायची. मार बापाचा खाल्ला, नाद मात्र सुटला नाही. बाप संध्याकाळी एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठेवायचा. लेक सकाळी कपाट उघडून एकेका इंजनाला हात लावतो, मगच चहा.

असा हा सुखी माणूस. धंदा बरा, लेक रेणुका टेंभुर्णीला चांगल्या घरात दिलेली, बायको हसतमुख. दुखणं एकच होतं, आणि ते त्या बायकोचंच होतं.

नंदाबाई नवऱ्याच्या पाहुण्यांना चहा करायची, पोहे करायची. पण अंगणात शिट्टी झाली की ती उठून मागं शेळ्यांकडं निघून जायची. कपाटाला तिनं कधी फडकं लावलं नाही. एवढंच कशाला, घरामागून दिवसभर रेल्वे जाते, तिचं माहेर सेलूच्या बाजूला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आणि ही बाई लग्नापासून आजवर माहेरला एसटीनं नाही तर जीपनं गेली. रेल्वेत पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही. भांडण नाही, रुसवा नाही. "मला गाडी लागती," एवढंच सांगायची. अहो, जी जीपमध्ये मागच्या बाजूला लटकून जाते, तिला रेल्वे कशी लागेल?

खरं कारण सगळ्या आळीला माहीत होतं. परमेश्वर स्वतःच ते हसून सांगायचा.

ब्रॉडगेज यायच्या आधीची गोष्ट. लग्न सेलूकडं लागलं आणि वऱ्हाड नवरीला घेऊन गाडीनं परतूरला निघालं. नवरीच्या शालूचा पदर आणि नवरदेवाचं उपरणं यांची गाठ मारलेली. ही गाठ घरी जाऊन, माप ओलांडून, देवाच्या पाया पडून मगच सोडायची. गाडी सेलूला थांबली होती. नवरदेवाला तहान लागली. आता गाठ तर सोडता येत नाही! मग या शहाण्यानं काय करावं? खांद्यावरचं उपरणंच काढलं, घडी करून नवरीच्या मांडीवर ठेवलं आणि उतरला. "नळावर पाणी पेत व्हतो," परमेश्वर सांगायचा, "वळून बघतो तं काय, गाडी गेल्ती!"

इकडं परतूरला बँडवाले तयार. मारुतीच्या देवळात नवरी उतरवली आणि बाया विचारायला लागल्या, नवरदेव कुठं हाये? कुणीतरी म्हटलं, "उपरणं आलंय, नवरदेव मागून येऊन राह्यलाय." देवळात अशी हसाहस झाली म्हणता! पोरगी मुंडावळ्या बांधून, नुसत्या उपरण्याला बांधलेली, मारुतीसमोर एकटी बसून राहिली. बँडवाल्यांनी होती नव्हती ती गाणी दोनदा वाजवली. दिवेलागणीला नवरदेव एसटीतून उतरला, तेव्हा कुठं वरात हलली. आळीत अजूनही कुणी यायचं कबूल करून आलं नाही की म्हणतात, "उपरणं पाठवलं असंल."

हे सांगून परमेश्वर पोट धरून हसायचा. ऐकणारे हसायचे. नंदाबाई कपबश्या गोळा करून आत जायची.

तर मागच्या उन्हाळ्यात काय झालं, की थोरली आली.

परमेश्वरच्या फोनवर अशा इंजनवेड्यांचा एक गट आहे. त्यात बेंगळुरूचे एक म्हातारे साहेब होते. त्यांनी स्वतःच्या हातानं एक मोठं इंजन घडवलेलं, मांडीएवढ्या उंचीचं, कोळशावर चालणारं, मागं माणसं बसवून ओढणारं. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं म्हणून ते कुणाला तरी द्यायचं होतं. त्यांनी परमेश्वरला निवडलं. म्हणाले, "ले जाओ. मगर कपाट में मत रखना. आदमी बिठाओ."

परमेश्वर तिथल्या तिथं शब्द देऊन बसला. "साब, बिलकुल बिठाऊंगा. पहिली मेरी बीवी बैठेगी."

टेंपोतून इंजन उतरलं तसं आळी लोटली. नाव पडलं थोरली. एवढं मोठं लेकरू कपाटात मावणारच नव्हतं. त्याला रूळ पाहिजेत, आणि रूळ टाकायला जागा एकच, मागचं अंगण, म्हणजे नंदाबाईच्या शेळ्यांचं राज्य. परमेश्वर बायकोपुढं जाऊन उभा राहिला.

"नंदा, जरा जागा पाह्यजे."

"किती?"

"गोल फेरी होईल इतकी."

तिनं शेळीच्या सडावरचा हात न काढता विचार केला. "माजा गोठा हलणार न्हाई. गोठ्याच्या भवतालून काय घालायचं ते घाला."

"आन् पहिली तू बसायची."

"म्या? म्या कशापायी?"

"साहेबांला शबुद देल्ता."

"मला इचारून देल्ता का?" ती म्हणाली आणि धार काढत राहिली.

परमेश्वरनं लोखंडी पट्ट्यांचे रूळ वाकवले, बाभळीच्या लाकडाचे आडवे ओंडके टाकले, गोठ्याला वळसा घालून फेरी पूर्ण केली. मागं जोडायला दोन ठेले केले. पुढचा चालवणाऱ्याचा, मागचा बसणाऱ्याचा. मागच्यावर नवा कापूस भरून लाल गादी शिवली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. आणि एका सकाळी जोंधळ्याचं पोतं गादीवर ठेवून थोरली चालवली. काय ओढलं तिनं! पोतं ऐटीत फिरून आलं. शेळ्या गोठ्यातून माना वळवून वळवून बघत होत्या.

आता आळीतल्या सगळ्यांनाच बसायचं होतं. कारभारी तर अंघोळ करून आला. पण परमेश्वर अडून बसला. "नंदाच्या आदी कोणी न्हाई." आषाढ गेला, श्रावण गेला, पोळा झाला. पोतं फिरत होतं, माणसं परत जात होती. बेंगळुरूहून साहेबांचा फोन यायचा, "बैठी क्या?" हा म्हणायचा, "बस, अभी बैठेगी साब." नंदाबाई शेळ्यांना पाला टाकता टाकता सगळं बघायची, नवरा दांडी कशी उघडतो, ब्रेक कधी सोडतो, काचेच्या नळीतलं पाणी कमी झालं की पंप कसा मारतो. 

"आवं, तिच्या पाया पडा एकदाचे," कारभारी म्हणाला, "न्हाई तं आम्ही असेच मरू."

"पडलो," परमेश्वर म्हणाला. "म्हणती, मला गाडी लागती."

तो हसला, पण रात्री जेवताना त्याचं लक्ष नव्हतं. एवढा सुखी माणूस, पण आतून खट्टू झाला होता. कपाटातली सगळी इंजनं एकीकडं आणि बायकोनं एक फेरी मारणं एकीकडं, असं त्याला आता वाटायला लागलं होतं. आणि ती का बसत नाही हेच त्याला कळत नव्हतं. नळावरचं पाणी प्यायल्याचा एवढा राग कुणी धरतं का?

खंडेनवमीला दुकानातली हत्यारं धुवायची, पुजायची. सकाळी परमेश्वर मागच्या अंगणात गेला आणि थबकला. थोरलीच्या बॉयलरवरचा पितळी घुमट लखलखत होता. त्याच्या खाली काळ्या रंगावर चिंचेचा ओघळ सुकलेला.

"नंदा! हिला चिंच लावली कोणी?"

"देवाची भांडी घासत व्हते, उरलती थोडी," आतून आवाज आला. "वाया कशाला घालू?"

चिंचेनं पितळ उजळतं, पण रंगाचे पोपडे निघतात, हे तिला कोण सांगणार? दुसऱ्या कुणी केलं असतं तर परमेश्वरनं घर डोक्यावर घेतलं असतं. इथं तो त्या पोपड्यांकडं बघत हसत उभा राहिला. लग्नापासून आजवर तिनं पहिल्यांदा त्याच्या इंजनाला हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. रेणुका नवऱ्याला घेऊन टेंभुर्णीहून आली होती. आपट्याची पानं वाटून झाली, आळी अंगणात जमली, परमेश्वरनं थोरली पेटवली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. काटा हळूहळू चढला, झडपेतून फुर्र झालं. पोतं आणायला तो वळला, तर दारात नंदाबाई उभी.

अंगावर लग्नातला शालू. खांद्यावर ते पिवळं उपरणं, ट्रंकेच्या घड्यांनी चिरत आलेलं.

 "अगं माय, आय!" रेणुका ओरडली.

नंदाबाई आली, गादीवरची धूळ पदरानं झटकली आणि बसली.  परमेश्वरला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. आणि सुचेनासं झालं की हा जे करतो तेच त्यानं केलं. तेलाची बुधली घेतली आणि "एकच मिनिट हां, जल्दी आलो," म्हणून रुळाच्या बाजूनं पुढं गेला, इंजनाच्या सांध्यांना तेल द्यायला.

तेल देऊन तो मागं सरकला, बुधलीचं तोंड पुसलं. तेवढ्यात मागच्या ठेल्यावरची नंदाबाई उठून पुढच्या ठेल्यावर जाऊन बसली. ब्रेक सोडला. दांडी उघडली.

थोरली हलली. झुक. झुक. झुक.

आणि परमेश्वरनं काय केलं? बघत राहिला! चाकांवर ऊन चमकत होतं, चिंचेनं घासलेला घुमट सोन्यासारखा दिसत होता, आणि हा बुधली छातीशी धरून, तोंड उघडं टाकून, इंजनाकडं बघत राहिला. नंदाबाई त्याच्या अगदी जवळून गेली.

"पळा की आता!" ती ओरडली आणि गोठ्याआड गेली.

लोक खो खो हसले. परमेश्वरही हसला. त्याला वाटलं, बायकोला उशिरा का होईना थट्टा सुचली. थोरली गोठ्याला वळसा घालून पुन्हा समोर आली.

"नळावर न्हव्हते तुम्ही त्या दिवशी!" नंदाबाई जाता जाता म्हणाली. "इंजनापशी उभे व्हते! म्या बघितलं!"

ती पुन्हा गोठ्याआड गेली. आता कुणी हसलं नाही.  नळाची गोष्ट परमेश्वरनं इतक्यांदा सांगितली होती की त्याला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली होती. नळ होता खरा सेलूला. पण तो नळापर्यंत गेलाच नव्हता. इंजन पाणी घेत होतं, ते बघत उभा राहिला होता. मग ते सुटलं, तेही बघत उभा राहिला होता.

थोरली तिसऱ्यांदा आली. नंदाबाईचा आवाज आता चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"सगळी गाडी तुमच्या म्होरून गेली. माजी खिडकी बी गेली. म्या हात बाहेर काढला व्हता. तुम्ही तिकडं इंजनाच्या धुराकडं बघून राह्यलते. गाडी चुकली त्याचं काय बी न्हाई वो. पण एक पाऊल सुदिक पळले न्हाई माझ्यामागं."

तिचा चेहरा वळणावर दिसेनासा झाला. परमेश्वरच्या हातातली बुधली खाली पडली.

आणि साठीला टेकलेला तो माणूस पळायला लागला. धोतर नेसायचा नाही हे नशीब, नवी पँट होती दसऱ्याची. रुळाच्या कडंनं, बाभळीच्या ओंडक्यांवरून अडखळत, शेळ्यांच्या खुंट्या चुकवत पळाला. "नंदा, थांब! आगं थांब ना!" ती थांबली नाही. एका वळणाला तो शेणावरून घसरला, हात टेकला, उठला, पुन्हा पळाला. कारभारी ओरडला, "पळ परमेश्वर, गाडी सुटली!" आणि अख्खी आळी ओरडायला लागली. शेळ्यांनी वेगळाच गलका केला. गोठ्याला पुरता एक वळसा घालून, छाती भात्यासारखी हलत असताना, त्यानं मागच्या ठेल्याची कड धरली आणि लाल गादीवर अंग टाकून दिलं.

नंदाबाईनं मागं वळून बघितलं नाही. फक्त खांद्यावरचं उपरणं काढून मागं दिलं. एक टोक तिच्या पदराला आधीच बांधलेलं होतं.

"घ्या. तुमचं हाये."

त्यानं ते खांद्यावर घेतलं. दम लागल्यामुळं त्याला बोलता येत नव्हतं, आणि डोळे पुसायला शेणाचा हात कामाचा नव्हता. "चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला. "बराबर हाये तुजं. म्या उभाच व्हतो."

"ठावं हाये मला," ती म्हणाली. मग हसली. तिचं ते हसणं त्याला पाठीवरूनच कळलं.

फेरीमागून फेरी झाली. रेणुका बाजूला उभी राहून डोळे पुसत होती आणि तिचा नवरा फोनवर हे सगळं धरत होता, बेंगळुरूच्या साहेबांना पाठवायला. अचानक रेणुकाचं लक्ष काचेच्या नळीकडं गेलं. लहानपणापासून तिनं एक गोष्ट हजारदा ऐकली होती, की सगळं विसर पण पाणी विसरू नको, पाणी संपलं की बॉयलर गेला.

"बाबा! आवं बाबा, पाणी खाली गेलं! इंजनाकडं बघा की!"

परमेश्वरला ऐकू आलं नाही. तो पुढच्या ठेल्यावरच्या शालूकडं बघत होता. शेवटी नंदाबाईनंच दांडी बंद केली आणि पंपाला हात घातला.